शर्टावर घेतलेली मापं

आमच्या कयाक क्लबात कोण पाण्यात आहे हे कळायला पाण्याकडे बघावं लागत नाही. शेडमध्ये शिरलं की उजव्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक खुंटीखाली एका सभासदाचं नाव, खुंटीवर त्याचं लाइफ जॅकेट. खुंटी रिकामी असेल तर माणूस खाडीत आहे. भरलेली असेल तर तो घरी आहे, कामावर आहे, किंवा बायकोबरोबर पडद्यांचं कापड निवडायला गेला आहे आणि खाडीत असतो तर बरं झालं असतं असं मनात म्हणतो आहे. ही व्यवस्था माझ्या नवऱ्याने बसवली. ट्रोल्स शाळा तपासनीस होता. निवृत्तीनंतर तपासायला शाळा उरल्या नाहीत, म्हणून तो क्लबाच्या सुरक्षा समितीचा प्रमुख झाला.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी क्लबाचा कामाचा दिवस होता. वर्षातून एकदा सगळ्यांनी जमायचं, खिडक्यांचा जुना रंग खरवडायचा, धक्क्याच्या सडक्या फळ्या बदलायच्या आणि या सगळ्याहून जास्त वेळ कॉफी प्यायची. मी केक आणि पावांची टोपली घेऊन इतरांच्या आधी पोचले. ट्रोल्स सकाळीच निघाला होता. "कॉफीच्या आत परत येतो," म्हणाला होता.

शेडमध्ये त्याच्या नव्या कयाकची, त्या अरुंद वल्हवायच्या होडीची, जागा रिकामी होती. आणि त्याची खुंटी भरलेली होती.

मी टोपली खाली ठेवली आणि पुन्हा बघितलं, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर जॅकेट ओशाळून निघून जाणार होतं. नारिंगी रंग, खांद्यांवर चमकत्या पट्ट्या, दोरीला लटकवलेली शिट्टी. संकटात वाजवायची शिट्टीसुद्धा इथेच.

आता फेब्रुवारीतली वार्षिक सभा सांगायला हवी, नाहीतर मी पुढे जे केलं ते का केलं हे कळायचं नाही. क्लबाची जुनी रीत अशी होती की एप्रिलमध्ये क्लबाचं निशाण काठीवर चढेपर्यंत सगळ्यांनी जॅकेट घालायचं. निशाण चढलं, तीनदा जयजयकार झाला, कडू दारूचा एकेक घोट पोटात गेला, की अनुभवी मंडळींनी जॅकेट अंगातून काढून कयाकच्या पाठीवर रबराखाली अडकवायचं. निशाण चढलं म्हणजे उन्हाळा आला. पाण्याला हे कोणी कळवलेलं नसतं. मेच्या सुरुवातीला मोहरीची शेतं पिवळीधमक होतात, माणसं शर्टाच्या बाह्या दुमडून बागेत बसतात, आणि खाडी मात्र मार्च महिन्यातच बसलेली असते.

ट्रोल्सने ठराव मांडला: प्रत्येकाने, प्रत्येक ऋतूत, प्रत्येक वेळी जॅकेट अंगात. बरोबर पडद्यावर दाखवायला आलेख आणले होते. विरोधात होता आमचा अध्यक्ष गोर्म. गोर्म माणसाची लायकी त्याने मारलेल्या गाठीवरून ठरवतो आणि बहुतेक जण त्याच्या हिशेबात नापास आहेत.

"मी पोरवयापासून वल्हवतोय, ट्रोल्स," गोर्म म्हणाला. "आता काय रेनकोट घालून झोपायला लावणार आहेस?"

"झोपेत तू बुडत नाहीस."

"तुझ्या भाषणात बुडतोय त्याचं काय?"

सभा हसली. पण मतदान झालं तेव्हा दोन मतांनी ट्रोल्स जिंकला. घरी जाताना तो माझ्या चार पावलं पुढे चालत होता, आणि मागून त्याचे खांदे बघूनच मला कळत होतं की चेहऱ्यावर काय आहे. निघताना मला घालता यावा म्हणून गोर्मने माझा कोट धरला होता. कानाजवळ येऊन म्हणाला, "गुड्रुन, आता तुझ्या नवऱ्यावर सगळ्या क्लबाचा डोळा आहे बरं का. त्याच्या जॅकेटची एक चेन उघडी दिसली तरी मी सभा बोलावीन." तो हसत म्हणाला, पण गोर्म हसत म्हणतो ते तो करतोच.

त्याच हिवाळ्यात ट्रोल्स आमच्या गॅरेजमध्ये कयाक बांधत होता. जुना ग्रीनलँडचा प्रकार, लाकडाचा सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. तो कयाक मीटरपट्टीने बांधत नाहीत, माणसाच्या अंगाने बांधतात. लांबी म्हणजे दोन्ही हात पसरून तीनदा. रुंदी म्हणजे कंबर आणि दोन्ही बाजूंना एकेक मूठ. बसायचं भोक एवढंच की कमरेला चड्डीसारखं घट्ट बसावं. ट्रोल्स गॅरेजच्या मधोमध नुसत्या शर्टावर उभा राहिला, दोन्ही हात पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखा, आणि मी पेन्सिलीने लाकडावर खुणा करत गेले. शर्टावर. जॅकेटची स्वप्नं पडणाऱ्या माणसाला जॅकेट आठवलं नाही, आणि आयुष्यभर कर खात्यात बसून लोक काय लिहायला विसरले ते हुडकणाऱ्या मलाही नाही.

मार्चमध्ये गॅरेजच्या फरशीवरच त्याने तो घालून बघितला. घालून बघितला असंच म्हणायला हवं. वर जॅकेट चढवलं. जॅकेटची खालची कड भोकाच्या काठावर टेकली, सगळं वर सरकलं आणि ट्रोल्सची हनुवटी त्यात गेली. तो कासवासारखा इकडेतिकडे बघायला लागला. हा कयाक उलटला तर मागे पाठीवर रेलून वल्ह्याच्या एका झटक्यात सरळ करायचा असतो. ट्रोल्स रेलायला गेला तर पाठ अर्ध्यातच अडली. मी इतकी हसले की मला रंगाच्या डब्यावर बसावं लागलं. तो हसला नाही.

"आतला फोम थोडा कापतो," म्हणाला.

"आणि समितीला काय सांगशील?"

"समितीचा प्रमुख मी आहे."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. लग्न जुनं झालं की कुठले विषय गॅरेजमध्येच ठेवून दार लावायचं हे दोघांनाही कळतं.

तर त्या शनिवारी खुंटीपुढे उभं राहून मला कोणालाच काही विचारायची गरज नव्हती. इतर कोणी येण्याआधी त्याला आपला कयाक खऱ्या पाण्यात घालून बघायचा होता. चटकन जाऊन चटकन परत यायचं, जॅकेट नाही हे कोणाला दिसायच्या आत.

बाहेर खडीवर गाडी वळली. दार आपटण्याच्या आवाजावरून गोर्म. मी जॅकेट खुंटीवरून काढलं, घडी केली, टोपलीच्या तळाशी घातलं, त्यावर टेबलक्लॉथ, त्यावर पाव, त्यावर केकचा डबा. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. माझ्या हातांना ही कला येते हे मला त्या दिवशीच कळलं.

"वा! केक आला म्हणजे काम सुरू झालं," गोर्म दारातून म्हणाला. "आणि आपले सुरक्षामंत्री?"

"पाण्यात. येईलच."

"त्या टूथपिकमध्ये?" त्याने रिकाम्या जागेकडे बघितलं, मग भिंतीकडे. खुंटी रिकामी. त्याने मान हलवली. "जॅकेट घालून त्यात मावतो तो? मला वाटलं होतं तळाला भोक पाडून पाय बाहेर काढावे लागतील."

"बरोबर मावतो," मी म्हणाले.

खोटं बोलताना लोक जास्त बोलतात, हे मी टेबलाच्या पलीकडून हजारदा पाहिलंय. म्हणून मी दोनच शब्द बोलले. गोर्मचा विश्वास बसला, आणि मला ते आवडलं नाही.

माणसं येत गेली. खरवडण्याचा आवाज सुरू झाला, कोणीतरी रेडिओ लावला. गोर्मने क्लबाच्या छोट्या मोटरबोटीचं इंजिन बाकावर घेतलं आणि त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. मी कॉफी लावली. खिडकीतून खाडी दिसत होती, निळी, सपाट, पोस्टकार्डासारखी. किनाऱ्यालगत ती नेहमीच तशी दिसते, कारण आपल्याकडचा वारा टेकडी ओलांडून येतो आणि पहिली थोडी पट्टी चुकवून पुढे उतरतो. खरं काय चाललंय ते पलीकडे बघितल्यावर कळतं. पलीकडे, खाडीत घुसलेल्या जमिनीच्या नाकाडापुढे, पाण्याचा रंग बदलला होता. गडद, आणि त्यावर पांढरे ठिपके.

मग निशाणाच्या काठीवरची दोरी वाजायला लागली. टक. टक-टक. वारा वाढला की ती काठीवर आपटते. इतर दिवशी तो आवाज ऐकून मला उन्हाळा आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी कपात कॉफी ओतत होते आणि ती बशीत, बशीतून टेबलावर गेली तरी मला कळलं नाही.

"अगं अगं अगं," सिसेल म्हणाली आणि फडकं घेऊन आली. सिसेल नर्स आहे, या वर्षीच क्लबात आलेली, अजून कोणाच्या बाजूची नाही. "कोणाची वाट बघतेस?"

"ट्रोल्सची. कॉफीला येणार होता."

"कॉफी तर झाली."

"हो ना."

मी कपांचा ट्रे घेऊन गोर्मपाशी गेले आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ट्रोल्सला जरा उशीर झालाय का रे?"

त्याने पाण्याकडे बघितलं. बघितलं नीट, ते मी कबूल करते. "वारा मागून आहे. बाहेर जाताना मजा आली असेल, आता परतताना घाम निघतोय. नाकाडाच्या आडोशाला बसून पाव खात असेल."

"फोन करून बघावा का बचाव केंद्राला?"

"गुड्रुन." त्याने हातातला इंजिनाचा बोल्ट ठेवला. "जॅकेट अंगात आहे. नारिंगी जॅकेटातला माणूस ख्रिसमसपर्यंत तरंगतो, हे मला तुझ्याच नवऱ्याने आलेखासकट दाखवलंय. हेलिकॉप्टर आलं आणि तो पाव खाताना सापडला, तर तो तुला माफ करेल का? अर्धा तास थांब. माझं इंजिन जुळलं तर मीच जाऊन आणतो."

त्याचं बरोबर होतं. त्याला जे माहीत होतं त्यावरून शंभर टक्के बरोबर होतं. ते त्याला मीच सांगितलं होतं.

मी परत आत गेले. स्वतःशी घासाघीस करायला लागले. पाच मिनिटं थांबते. नाकाडाजवळ काही दिसलं तर फोन नाही करत. ते काय, तो तर बगळा. आता ते ढग सरकेपर्यंत थांबते. एका बाजूला ट्रोल्स पाण्यात, दुसऱ्या बाजूला ट्रोल्स सभेत, गोर्मसमोर, मान खाली घालून. आणि लाज वाटते सांगायला, पण बराच वेळ मला दुसराच ट्रोल्स जास्त स्पष्ट दिसत होता. तो मी पाहिलेला होता. बुडणारा ट्रोल्स मी कधी पाहिला नव्हता.

"त्याला फोन तर कर," सिसेल म्हणाली. ती केक कापायला सुरी शोधत होती.

खरंच की. मी आधीच का केला नाही? मी नंबर लावला. रिंग गेली.

टोपली थरथरली.

पावांच्या खालून, टेबलक्लॉथच्या खालून, मंद घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज. ट्रोल्सचा फोन जॅकेटच्या खिशात होता. संकटात हाताशी असावा म्हणून. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि टोपली गुरगुरत राहिली.

"गुड्रुन," सिसेल हळूच म्हणाली, "टोपलीत फोन वाजतोय."

"माझा असेल."

"तुझा तुझ्या कानाला आहे."

तिने पावांची पिशवी उचलली, टेबलक्लॉथचं टोक वर केलं. नारिंगी. तिने माझ्याकडे बघितलं. मी तयार होते, ती ओरडेल, किंवा 'अगं हे काय' म्हणेल. तिने टोक परत खाली सोडलं आणि रोग्याशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "दुसरं काय घातलंय त्याने?"

"पातळ रबरी सूट. जाडवाला त्या भोकातून जात नाही."

"पाणी?"

"नऊ अंश. काल त्यानेच मोजलं."

"पोहतो चांगला?"

"चांगला पोहतो."

"त्याचा उपयोग नाही. अशा पाण्यात आधी बोटं जातात. पोहणं लांबच, दोरी धरता येत नाही. मग..." ती थांबली. "तू लाव फोन. आत्ता."

मी एकशे बारा लावला. पहिल्यांदा एकशे एकवीस लागला. सिसेलने फोन माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि भिंतीवरचा खाडीचा नकाशा काढून माझ्यासमोर पसरला. तिकडचा माणूस इतक्या शांतपणे बोलत होता की मला रडू यायला लागलं. त्याने आम्हाला सागरी बचाव केंद्राशी जोडलं. तिथली बाई त्याहून शांत.

"नाव? वय? निघाले कधी? एकटेच?" मी उत्तरं देत होते. खरवडण्याचे आवाज एकेक करत थांबले. रेडिओ कोणीतरी बंद केला. दारात माणसं जमली, ब्रश हातात तसेच, आणि त्यांच्या पुढे गोर्म, हात इंजिनाच्या तेलाने काळे.

"नावेचा रंग?"

"करडा." करडा! मीच निवडला होता. सीलच्या कातडीसारखा दिसावा म्हणून.

"अंगात लाइफ जॅकेट आहे?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आत गोर्म मागून मोठ्याने, खात्रीने, फोनला ऐकू जावं म्हणून मान पुढे करून म्हणाला, "आहे! नारिंगी. पट्ट्यांवालं."

"नारिंगी, पट्ट्या," ती बाई म्हणाली, आणि तिकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

एवढंच होतं. कोणीतरी माझ्यासाठी उत्तर दिलं होतं. ट्रोल्सच्या जन्मभराच्या विरोधकाने दिलं होतं, आणि चांगल्या मनाने दिलं होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, फक्त ती सगळी माणसं, ते हेलिकॉप्टर, ती बोट, नारिंगी ठिपका शोधत फिरली असती.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"जॅकेट नाहीये त्याच्या अंगात. जॅकेट इथे आहे. टोपलीत. मी लपवलं."

ते शेवटचे शब्द तिला सांगायची गरज नव्हती. पण ते बाहेर पडले. बाहेर काठीवरची दोरी आपटत होती.

"ठीक आहे," ती बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही, पण वेग बदलला. "म्हणजे आपल्याकडे वेळ कमी आहे. हेलिकॉप्टर निघतंय. बचाव बोट निघतेय, पण तिला खाडीच्या तोंडापासून यावं लागेल. तुमच्याकडे बोट आहे?"

सगळ्यांनी बाकावरच्या वर्तमानपत्राकडे बघितलं. ओळीने मांडलेले बोल्ट, वॉशर, पंप.

मी गोर्मकडे बघायचं टाळत होते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो नकाशाकडे बघत होता. टेबलापाशी आला आणि काळं बोट वाऱ्याच्या रेषेवर ठेवून पुढे सरकवत गेला, मग थांबला, परत मागे आणलं.

"जॅकेट असतं तर तो उघड्यावर वाहत गेला असता, इकडे," तो म्हणाला. कोणाशीच नाही. "कयाक धरून पडून राहिला असता. आपल्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण जॅकेट नाहीये, आणि हे त्याला माहितीये. म्हणजे तो थांबणार नाही. तो धरायला काहीतरी शोधेल." बोट नाकाडाच्या जरा पुढे गेलं, जिथे मासेमारांनी वसंतातल्या माशांसाठी जाळी लावलेली असतात, पाण्यात ठोकलेल्या लाकडी खांबांची रांग. "इथे."

"सांग त्यांना," सिसेल म्हणाली.

"तू सांग." गोर्म दाराबाहेर गेला होता.

नाकाडाच्या अलीकडे शनिवारी सुईमासे पकडणारे गळ टाकून उभे असतात, कमरेइतक्या पाण्यात, आणि त्यांच्यातल्या एकाची तरी लहान मोटरबोट वाळूत ओढलेली असते. गोर्म पळत गेला. मी गोर्मला पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचे गुडघे बाहेर फाकतात. सत्तरीचा माणूस, कामाचे कपडे, पायात लाकडी सपाता, आणि त्यातली एक वाटेत सुटली ती त्याने उचलली नाही. मग वळणावर तो दिसेनासा झाला.

नंतर आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. कोणी मला काही विचारलं नाही. कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. आमच्या लोकांत ती पद्धत नाही, आणि असती तरी तो हात ठेवायचा की नाही हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं. एकाने माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही, तर तो खुर्ची धरून उभाच राहिला.

पांढरे ठिपके आता नाकाडाच्या अलीकडे आले होते. मी प्रत्येक ठिपक्यात डोकं बघत होते. हेलिकॉप्टर आवाजाने आधी आलं, मग टेकडीवरून एकदम, आणि मोहरीच्या पिवळ्या शेतावर त्याची सावली धावत गेली. ते खांबांच्या दिशेने गेलं. तिथे घुटमळलं. खाली आलं. त्याच्याखालचं पाणी पांढरं झालं. त्यातून तार खाली उतरली, माणूस उतरला, आणि मग दोन वर गेले. दुसरा कसा होता ते इतक्या लांबून कळत नव्हतं. लोंबत होता एवढं कळलं.

"हलतोय का?" मी विचारलं. "सिसेल, हलतोय का तो?"

"इतक्या लांबून मलाही नाही दिसत गं." तिने खोटं सांगितलं नाही. त्या दिवशी तेवढं एक मला पुरलं.

गोर्म मोटरबोटीतून परत आला तेव्हा तो छातीपर्यंत भिजलेला होता आणि त्याचे ओठ जांभळे होते. लोकांनी त्याला ओढून वर घेतलं. तो सरळ माझ्यापाशी आला.

"जिवंत आहे," म्हणाला. "जाळ्याच्या दोरात दंड अडकवून लटकला होता. बोटं चालत नव्हती म्हणून दंड. अक्कल आहे त्याला, हे मान्य करायला हवं. मी आणि तो बोटवाला गळकरी त्याला नावेत घ्यायला गेलो तर येईना. दोघांच्या हातून निसटला. मग मीच पाण्यात उतरून धरून ठेवलं, ते वरून येईपर्यंत." त्याने वाजणारे दात आवळले. "जड आहे गं तुझा नवरा."

मला त्याचे आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "तुझी सपात रस्त्यात पडलीये."

"बघितली," गोर्म म्हणाला. "जा तू. सिसेल नेईल तुला."

त्याने जॅकेटचं नाव काढलं नाही. एकही टोमणा नाही. इतक्या वर्षांत गोर्मने हातची संधी सोडलेली मी पहिल्यांदा बघत होते. ट्रोल्स किती वाईट अवस्थेत आहे हे मला त्याच्या गप्प बसण्यातून कळलं.

इस्पितळात त्याला उबदार हवा फुंकणाऱ्या पांघरुणाखाली ठेवलं होतं. चेहरा मेणाचा. तारा, नळ्या, पडद्यावर हृदयाची रेषा. तो स्वस्थ पडला होता, अगदी स्वस्थ, आणि मला वाटलं चला, निदान त्याला थंडी तरी वाजत नाहीये. मी तसं म्हटल्यावर डॉक्टरबाईने माझ्याकडे बघितलं.

"तेच आम्हाला नकोय," ती म्हणाली. "कुडकुडायची ताकद राहिलेली नाही त्यांच्यात. हृदयावर लक्ष ठेवतोय. त्यांना हलवू नका, हातपाय चोळू नका. बोलत राहा."

मी कशाबद्दल बोलणार? मी रंग खरवडण्याबद्दल बोलले. उत्तरेकडच्या दोन खिडक्या झाल्या आहेत, केक कोणी कापलाच नाही, धक्क्याच्या फळ्या अजून गाडीतच आहेत. दुपार सरत होती. रेषा कधी अडखळायची, आणि मी वाक्याच्या मध्ये थांबून ती पुन्हा सुरू होईपर्यंत श्वास घ्यायचे नाही.

बऱ्याच वेळाने त्याचे डोळे उघडले. ते मला शोधत इकडेतिकडे गेले आणि सापडले.

"कोणी..." आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "कोणी काढलं मला?"

"हेलिकॉप्टरने."

"आधी. कोणीतरी धरलं होतं."

"गोर्मने."

त्याने डोळे मिटले. पुन्हा गेला की काय म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

"दुसरं कोणी नव्हतं का?" तो म्हणाला.

"नव्हतं."

"तू सांगितलंस? जॅकेटचं?"

"हो."

"कोणाकोणाला?"

"सगळ्यांना. फोनचा आवाज मोठा केलेला होता."

त्याने नजर छताकडे वळवली. मी वाट बघत होते. आता तो म्हणेल की तू गप्प बसायला हवं होतंस. किंवा राजीनाम्याचं पत्र लिहायला घे म्हणेल. शाळा तपासनीस होता, पत्रं त्याला आवडतात. त्याची हनुवटी हलायला लागली. मला वाटलं रडतोय. मग खालचा ओठ, मग दात एकमेकांवर वाजायला लागले, मग खांदे, आणि मग ती लाट पांघरुणाखालून पायांपर्यंत गेली आणि पलंगाचा लोखंडी कठडा खडखडायला लागला.

"गु-गु-गुड्रुन," तो म्हणाला, "म-मला फार थं-थंडी वाजतेय. क-काहीतरी कर."

मी दाराकडे वळून हाक मारली. डॉक्टरबाई आली, पडद्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिने खांदे खाली सोडले.

"काही करू नका," ती म्हणाली. "कुडकुडू देत त्यांना."

मी खुर्ची पलंगाला लावली आणि कठड्यावर हात ठेवून बसले. तो माझ्याकडे रागाने बघत होता, जबडा आवरत नव्हता, त्याला मला शिव्या द्यायच्या होत्या पण त्या तोंडातल्या तोंडात तुटत होत्या. कठडा माझ्या हाताखाली थडथडत होता. तो थांबू नये म्हणून मी हात तसाच ठेवला.